टाकी भरली तरी पंप थांबत नाही? ट्रान्झिस्टर बदलण्याआधी त्याचे तीन पाय मोजा

लक्षणं

सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचा ऑटोमॅटिक कंट्रोलर बिघडला की माझ्याकडे येणारी तक्रार बहुतेक यांतलीच एक असते:

- गच्चीवरची टाकी भरून ओव्हरफ्लोच्या पाइपातून पाणी कोसळतंय, पंप मात्र चालूच.
- वरची टाकी रिकामी, खालच्या टाकीत पाणी आहे, तरी पंप सुरू होत नाही. हे बहुतेक वेळा पावसाळ्यातच.
- रिले (कॉइलच्या चुंबकाने पंपाचा स्विच ओढणारा भाग) टकटक करत राहतो, नाहीतर घुंऽऽ असा आवाज काढतो.
- बोर्डावरचा छोटा काळा ट्रान्झिस्टर बोटाला चटका देतो.
- ट्रान्झिस्टर बदलला की पंधरा दिवस, फार तर महिना, सगळं सुरळीत. मग पुन्हा तेच.

शेवटचं लक्षण असेल तर मी बॅगेतून सोल्डरिंग गन काढतच नाही. भांडुपच्या एका सोसायटीत वर्षभरात चार वेळा बीसी५४७, म्हणजे तोच छोटा काळा ट्रान्झिस्टर, बदलला होता, प्रत्येक वेळी वेगळ्या माणसाने. सेक्रेटरी काका मला म्हणाले, "अहो, मागच्याच महिन्यात नवा टाकलाय. ट्रान्झिस्टरच डुप्लिकेट येतात हल्ली." डुप्लिकेट येतात हे खरं, पण त्या बोर्डावरचे जुने चारही ट्रान्झिस्टर त्यांनी डबीत जपून ठेवले होते आणि मीटर लावला तर चारही ठणठणीत निघाले. बिघाड टाकीत होता.

मग बदलल्यावर पंधरा दिवस चालायचं कसं? ते कळायला आत करंट कुठून कुठे जातो ते पाहावं लागेल.

बोर्ड आतून कसा असतो

बाजारातले साधे कंट्रोलर थोड्याफार फरकाने सारखेच. टाकीत स्टीलचे प्रोब, म्हणजे पाणी कुठवर आलं ते सांगणाऱ्या सळ्या. एकाला १२ व्होल्ट प्लस दिलेलं. वरच्या प्रोबची वायर ४७ किलोओहमच्या रेझिस्टरमधून पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेसला येते. (ट्रान्झिस्टरचे तीन पाय: बेस, कलेक्टर, एमिटर. बेसला दिलेला छोटा करंट कलेक्टरमधला मोठा करंट चालवतो.) याला मी 'प्रोबवाला' म्हणतो. त्याचा एमिटर ग्राउंडला, कलेक्टर दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या बेसला. हा दुसरा 'रिलेवाला'. त्याच्या बेसला १२ व्होल्टवरून ४.७ किलोओहमचा रेझिस्टर, आणि कलेक्टरमध्ये रिलेची कॉइल. (खालचा प्रोब रिलेच्या दुसऱ्या कॉन्टॅक्टमधून त्याच बेसला जोडला जातो, म्हणजे पाणी दोन बोटं उतरलं की लगेच पंप सुरू होत नाही. तो भाग इथे सोडून देतो.)

टाकी रिकामी असताना प्रोबवाल्याला बेस करंट नाही, तो बंद. ४.७ किलोओहममधून येणारा सुमारे २.४ मिलीअँपिअर करंट सगळा रिलेवाल्याच्या बेसला जातो, रिले ओढतो, पंप चालू. पाणी वरच्या प्रोबला लागलं की प्रोबवाला चालू होतो आणि तो २.४ मिलीअँपिअर स्वतःकडे खेचून ग्राउंडला नेतो. रिलेवाला उपाशी, रिले सुटला, पंप बंद.

आता एनपीएन ट्रान्झिस्टरच्या आत. बीसी५४७ याच जातीचा. एमिटरमध्ये भेसळ, म्हणजे डोपिंग, भरपूर असतं. बेस अगदी पातळ आणि हलक्या डोपिंगचा. बेस एमिटरपेक्षा ०.६-०.७ व्होल्टने वर नेला की बेस-एमिटर जंक्शन (दोघांमधला सांधा) फॉरवर्ड होतं, म्हणजे उघडतं, आणि एमिटरमधले इलेक्ट्रॉन बेसमध्ये घुसतात. बेस इतका पातळ की बहुतेक इलेक्ट्रॉन तिथे थांबण्याआधीच पलीकडच्या कलेक्टर जंक्शनपाशी पोचतात. ते जंक्शन रिव्हर्स बायसमध्ये, म्हणजे उलट व्होल्टेजखाली, असेल तर तिथलं विद्युतक्षेत्र त्यांना कलेक्टरमध्ये ओढून घेतं. म्हणजे रिव्हर्स जंक्शनमधून करंट वाहतो, आणि तोही मोठा. डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) शिकून आलेल्या मुलांचा गोंधळ नेमका इथे होतो. रिव्हर्स जंक्शन अडवतं ते पलीकडून आपणहून येऊ पाहणाऱ्यांना, बेसमध्ये बाहेरून येऊन पडलेल्या इलेक्ट्रॉनना नाही. वाटेत जे थोडे गळतात, आणि बेसमधून उलटे एमिटरकडे जे होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा) जातात, त्यांची भरपाई म्हणजे बेस करंट. एमिटरचा करंट नेहमी बेस आणि कलेक्टरच्या करंटची बेरीज. आपण कागदावर काढतो तो बाण इलेक्ट्रॉनच्या उलट दिशेचा, त्यामुळे एनपीएनमध्ये बेस आणि कलेक्टरमधून करंट आत शिरतो आणि एमिटरमधून बाहेर पडतो.

दोन जंक्शनं, प्रत्येकाच्या दोन अवस्था, म्हणून ट्रान्झिस्टरच्या एकूण चार. दोन्ही बंद: कट-ऑफ, म्हणजे ट्रान्झिस्टर पूर्ण बंद. एमिटरचं फॉरवर्ड, कलेक्टरचं रिव्हर्स: ॲक्टिव्ह, म्हणजे अर्धवट चालू. दोन्ही फॉरवर्ड: सॅच्युरेशन, म्हणजे पूर्ण चालू. आणि एमिटरचं रिव्हर्स, कलेक्टरचं फॉरवर्ड: उलटा ट्रान्झिस्टर, जो कोणी मुद्दाम वापरत नाही, पण पाय चुकीचे लावले की फुकट मिळतो. कंट्रोलरला फक्त कट-ऑफ आणि सॅच्युरेशन हवं असतं. आपला सगळा त्रास ॲक्टिव्हमध्ये अडकलेल्या ट्रान्झिस्टरचा आहे.

झाकण उघडण्याआधी

मेन स्विच बंद करा आणि डब्यात ट्रान्सफॉर्मर आहे का ते बघा. लोखंडी पट्ट्यांचा जड चौकोनी ट्रान्सफॉर्मर असेल, किंवा १२ व्होल्टचा वेगळा बंद अडॅप्टर असेल, तर पुढे वाचा. ट्रान्सफॉर्मर नसून बोर्डावर २३० व्होल्टच्या वायरपाशी मोठा चौकोनी प्लॅस्टिकचा कपॅसिटर दिसला, तर तो करंट मर्यादित करणारा स्वस्तातला सप्लाय आहे. त्यात १२ व्होल्टची बाजूसुद्धा मेनपासून वेगळी नसते. तिथे ग्राउंडला हात लागला तरी जिवावर बेतू शकतं, आणि त्याच बोर्डाच्या वायर टाकीच्या पाण्यात सोडलेल्या असतात. असा बोर्ड दुरुस्त करू नका, काढून टाका. इथेच थांबून वायरमनला बोलवा.

१. स्विच आणि कान

फुकटची तपासणी. ऑटो-मॅन्युअल स्विच कुठे आहे बघा. पहाटे पाणी येतं त्या घाईत वॉचमनमामांनी मॅन्युअलवर टाकलेला असतो आणि ड्यूटी बदलली की ते कुणाला आठवत नाही. मी यासाठी परळहून मुलुंडला गेलोय. व्हिजिटचे पैसे घेताना मलाच लाज वाटली.

स्विच ऑटोवर असेल तर टाकी भरल्यावर डब्याला कान द्या. रिलेचा 'टिक' ऐकू आला आणि पंप तरीही चालू राहिला, तर बोर्डाने आपलं काम केलंय. अडकलाय तो पुढचा: रिलेचा कॉन्टॅक्ट चिकटलाय किंवा स्टार्टरमधला कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा मोठा रिले). इलेक्ट्रॉनिक्स संपलं, आता वायरमनचं काम.

२. टाकीची नक्कल

टाकी भरायची वाट बघत बसू नका. मेन बंद असतानाच बोर्डाच्या १२ व्होल्टच्या बाजूला, जिथे प्रोबच्या वायर येतात त्या स्क्रूच्या पट्टीवर, कॉमन आणि वरचा प्रोब यांमध्ये इन्सुलेशन असलेल्या वायरचा तुकडा जोडा. मग मेन चालू करा, हात लांब ठेवा. बोर्डाला वाटेल टाकी भरलीय. आत ४७ किलोओहम असल्यामुळे काही जळत नाही.

रिले सुटलेला राहिला, पंप सुरू झाला नाही, तर बोर्ड आणि दोन्ही ट्रान्झिस्टर ठीक आहेत. दोष टाकीत किंवा वायरमध्ये. 'पंप थांबत नाही' या तक्रारीत माझ्या अनुभवात बहुतेक वेळा इथेच निकाल लागतो, एकही पार्ट न बदलता.

३. प्रोब

प्रोबवर डीसी असल्याने पाण्यात सतत इलेक्ट्रोलिसिस चालतं. प्लसचा प्रोब झिजतो, आणि बेसकडच्या प्रोबवर चुन्यासारखा पांढरा थर चढतो. भातसा, तानसा, वैतरणेचं तलावाचं पाणी त्यामानाने मऊ. पण सोसायटी टँकरवर किंवा बोअरवर असेल तर थर फार लवकर धरतो.

आता आकडे बघा, कारण सगळी गंमत इथे आहे. प्रोब स्वच्छ असताना पाण्याचा आणि रेझिस्टरचा मिळून ८० किलोओहम धरला, तर प्रोबवाल्याला सुमारे १४० मायक्रोअँपिअर मिळतात. त्याला खेचायचे आहेत २.४ मिलीअँपिअर, म्हणजे सतरा-अठरा पट. आरामात सॅच्युरेशन. थर चढून एकूण रेझिस्टन्स १ मेगओहम झाला की मिळतात सुमारे ११ मायक्रोअँपिअर. ट्रान्झिस्टरचा गेन, म्हणजे बेस करंटच्या किती पट कलेक्टरमध्ये वाहतो ते, २०० धरा: तो खेचू शकतो २.२ मिलीअँपिअर. पाहिजे होते २.४. नव्वद टक्के खेचले की! पण उरलेले ०.२ मिलीअँपिअर रिलेवाल्याच्या बेसला गेले, त्याचा गेनही २००, झाले ४० मिलीअँपिअर. ४०० ओहमच्या रिलेला लागतात फक्त ३०. पंप चालूच.

आता याच बोर्डात कोणीतरी प्रोबवाला बदलतो. बीसी५४७ च्या अंगावर शेवटी ए, बी किंवा सी असतं. ए गटाचा गेन साधारण ११० ते २२०, बीचा २०० ते ४५०, सीचा ४२० ते ८००. नशिबाने ४०० गेनचा पीस लागला, तर तेच ११ मायक्रोअँपिअर ४.४ मिलीअँपिअर खेचायला पुरतात, आणि पंप थांबतो. सगळे खूश. थर वाढतच असतो. पंधरा दिवसांनी तो ४०० चाही गेन कमी पडतो. काकांच्या डबीतल्या चार ट्रान्झिस्टरची गोष्ट एवढीच होती.

उपाय: मेन बंद करून प्रोब बाहेर काढा, व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात अर्धा तास ठेवा, मग बारीक पॉलिश पेपरने घासा. वायरचा जोड पाण्यात किंवा टाकीच्या झाकणाखाली नुसत्या टेपने गुंडाळलेला असेल तर तो कापून नवा करा. तांब्याची तार आत हिरवी पडलेली सापडते.

४. बारा व्होल्ट खरंच बारा आहेत का

रिले ओढलेला असताना मोजा, नुसता नाही. बिनालोडचे १२ दिसतात आणि रिले ओढला की ८ वर येतात, असे बोर्ड खूप. १२ व्होल्टचा रिले ओढायला साधारण ९ व्होल्ट लागतात, म्हणून असा रिले ओढतो, सप्लाय खचतो. त्यात रिपल (डीसीत उरलेली एसीची लहर) असेल तर टकटक.

मग मीटर एसीवर टाकून तेच दोन टोक बघा. एक-दोन व्होल्ट दिसले तर फिल्टरचा कपॅसिटर सुकलाय. घुंऽऽ आवाज बहुतेक त्याचाच. गच्चीवरच्या पत्र्याच्या डब्यात, मे महिन्याच्या उन्हात, तो दुसरं काय करणार. १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा नवा टाका. वीस-पंचवीस रुपयांच्या आत काम होतं.

५. ओल

'टाकी रिकामी पण पंप सुरू होत नाही', तेही पावसाळ्यात, ही वरच्याच गणिताची उलटी बाजू. बोर्डावर प्लसचा ट्रॅक आणि प्रोबवाल्याचा बेस शेजारी असतात. मुंबईच्या खाऱ्या हवेत धूळ आणि सोल्डरिंगचा उरलेला फ्लक्स ओल धरतात आणि दोन ट्रॅकमध्ये गळती सुरू होते. ती ८०० किलोओहमची झाली तरी चौदा मायक्रोअँपिअर बेसला मिळतात. गुणिले २००. प्रोबवाल्याला वाटतं टाकी भरलीय.

बोर्ड काढा, ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासून धुवा, पूर्ण वाळवा, प्रोबच्या पट्टीजवळ विशेष. एवढ्याने काम झालं नाही किंवा दर पावसाळ्यात हेच होत असेल, तर प्रोबवाल्याच्या बेस आणि एमिटरमध्ये ४७ किलोओहमचा एक रेझिस्टर लावा. बेस ०.६ व्होल्टला पोचण्याआधी पहिले तेरा मायक्रोअँपिअर या रेझिस्टरमधून निघून जातात, गळती ट्रान्झिस्टरपर्यंत पोचतच नाही. पण हे फुकट मिळत नाही. प्रोबकडून येणाऱ्या करंटमधूनही तेवढेच कापले जातात, म्हणजे थर चढल्यावर बोर्ड पूर्वीपेक्षा लवकर दगा देईल. टँकरचं पाणी असेल तिथे मी हा रेझिस्टर लावला की सोसायटीला प्रोब साफ करायची तारीख भिंतीवर लिहून देतो.

उन्हाचा वाटा वेगळा. तापमान एक अंशाने वाढलं की बेस-एमिटरचा चालू होण्याचा व्होल्टेज सुमारे २ मिलीव्होल्टने उतरतो, आणि कलेक्टर जंक्शनची गळती दर दहा अंशांना साधारण दुप्पट होते. सकाळी ठीक, दुपारी बिघाड, असं सांगणाऱ्याला वेड्यात काढू नका.

६. तीन पाय

इथपर्यंत येऊनही दोष राहिला तरच. आता बोर्ड चालू ठेवून मोजायचंय, म्हणून २३० व्होल्टच्या बाजूवर जाड पुठ्ठा किंवा प्लॅस्टिक बांधा, एक हात मागे ठेवा, पायाखाली कोरडी लाकडी पाटी. गच्ची ओली असेल तर हे आज करू नका.

मीटरची काळी पिन एमिटरला, म्हणजे ग्राउंडला. लाल पिन आधी बेसला, मग कलेक्टरला. रिलेवाल्यापासून सुरुवात करा.

बेस ०.७, कलेक्टर ०.१ ते ०.२ आला की सॅच्युरेशन. कलेक्टर बेसपेक्षा खाली आहे, म्हणजे कलेक्टर जंक्शनही फॉरवर्ड झालंय. बेस इलेक्ट्रॉननी तुडुंब, आणि आता कितीही बेस करंट वाढवला तरी कलेक्टरचा वाढत नाही. नळाची चावी पूर्ण उघडली की पाणी किती येणार ते चावी ठरवत नाही, पाइप ठरवतो. इथे पाइप म्हणजे कॉइल: १२ भागिले ४००, तीस मिलीअँपिअर, बस्स. पंप चालू असताना हेच हवं.

बेस ०.१-०.२, कलेक्टर पूर्ण १२: कट-ऑफ. पंप बंद असताना हे हवं.

बेस ०.६ च्या आसपास आणि कलेक्टर ३ ते १० मध्ये कुठेतरी: ॲक्टिव्ह. इथे लोक ट्रान्झिस्टर बदलतात, आणि इथेच तो निर्दोष असतो! त्याला जेवढा बेस करंट मिळाला त्याच्या दोनशे पट तो इमानदारीने देतोय. चूक त्याला अर्धवट हुकूम देणाऱ्याची, म्हणजे प्रोबवाल्याची किंवा त्याच्याही मागच्या प्रोबची. समजा कलेक्टरवर ८ व्होल्ट आहेत, तर कॉइलला ४ मिळतायत. ४ व्होल्टवर रिले ओढला गेला नसता, पण आधी ओढलेला रिले सुटायला व्होल्टेज साधारण १.२ पर्यंत खाली यावा लागतो. म्हणून टाकी भरली, प्रोबवाल्याने बराचसा करंट खेचलाही, तरी रिले धरूनच. तीच अवस्था उलट बाजूने आली, म्हणजे रिकाम्या टाकीने, तर त्याच ४ व्होल्टवर रिले ओढत नाही. एकच बिघाड, दोन उलट्या तक्रारी.

चटका बसतो तोही याच अवस्थेत. सॅच्युरेशनमध्ये ०.२ व्होल्ट गुणिले ३० मिलीअँपिअर म्हणजे ६ मिलीवॉट, काहीच नाही. अर्ध्यावर अडकला की ६ व्होल्ट गुणिले १५, म्हणजे ९० मिलीवॉट, कोमट. पण कोणी 'मजबूत' म्हणून १६० ओहम कॉइलचा मोठा रिले बसवला असेल तर २२५ मिलीवॉट, आणि एवढ्याशा प्लॅस्टिकच्या ट्रान्झिस्टरला ते आजूबाजूच्या हवेपेक्षा चाळीस-पंचेचाळीस अंशांनी वर नेतात. त्या रिलेला ७५ मिलीअँपिअर लागतात. बीसी५४७ ची मर्यादा १०० आहे, म्हणून लोकांना वाटतं चालेल. पण पक्क्या सॅच्युरेशनसाठी बेसला कलेक्टरच्या करंटचा दहावा हिस्सा तरी द्यावा, म्हणजे साडेसात, आणि ४.७ किलोओहम देतो २.४. चांगला गेन असेल तर चालून जातं, सप्लाय जरा खचला की जात नाही. मूळ रिले परत लावा.

उरलेली रीडिंग भरभर. बेस ०.७ पण कलेक्टर १२: आत कलेक्टर तुटलाय, ट्रान्झिस्टर गेला. बेसवर २ व्होल्टच्या वर: बेस-एमिटर ओपन, गेला. बेस ०, कलेक्टरही ०: रिले ओढलेला असेल तर कलेक्टर-एमिटर शॉर्ट, रिले सुटलेला असेल तर कॉइल तुटलीय, ट्रान्झिस्टरला दोष देऊ नका.

प्रोबवाल्याला हेच माप. टाकीची नक्कल करणारी वायर जोडलेली असताना त्याचा कलेक्टर ०.२ च्या खाली यायलाच हवा. ०.६ वर अडकला तर त्याला बेस करंट पुरत नाही किंवा गेन मेलाय.

काही बोर्डांवर बीसी५५७ असतो, पीएनपी, म्हणजे उलट्या दिशेने चालणारा. त्याचा एमिटर प्लसला. काळी पिन तिथेच, एमिटरला लावा. सगळी रीडिंग तीच, फक्त मायनसमध्ये.

७. काढून तपासणं आणि डायोड

ट्रान्झिस्टर खरंच गेला असेल तर आधी रिलेच्या कॉइलवरचा डायोड तपासा, नवा ट्रान्झिस्टर लावण्यापूर्वी. रिलेवाला बंद होतो तेव्हा कॉइलमधला करंट एकदम थांबायला तयार नसतो. वाट मिळाली नाही तर कलेक्टरचा व्होल्टेज क्षणात चढतो आणि बीसी५४७ ची ४५ व्होल्टची मर्यादा ओलांडतो. १एन४००७ कॉइलला समांतर, पट्टीची बाजू प्लसला. ओपन झालेला डायोड दिसायला अगदी साजरा असतो. एक पाय सोडवून मीटरवर बघा. उलटा लावला असेल तर रिलेवाला चालू होताच सप्लाय थेट त्या डायोडमधून आणि ट्रान्झिस्टरमधून शॉर्ट, नवा पीस पहिल्याच सेकंदाला गेला.

काढलेला ट्रान्झिस्टर डायोड मोडवर: लाल बेसला, काळी एमिटरला आणि मग कलेक्टरला, दोन्हीकडे ०.६-०.७ च्या आसपास. एमिटरकडचं रीडिंग किंचित जास्त येतं. पिना उलटवल्यावर काही दिसू नये, कलेक्टर-एमिटरमध्ये दोन्ही दिशांना काही दिसू नये.

८. नवा लावताना

लॅमिंग्टन रोडवरून आणा किंवा कोपऱ्यावरच्या दुकानातून, पण लावण्याआधी पाय मीटरने ओळखा. बीसी५४७ ची सपाट बाजू तुमच्याकडे, पाय खाली, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. दुकानदार 'हाच चालतो' म्हणून २२२२ जातीतला देतो. त्यात नावातल्या एका अक्षराच्या फरकाने पायांचा क्रम उलटा असलेले प्रकार आहेत, आणि बेस मधोमध असल्यामुळे उलटा लावलाय हे पटकन कळत नाही.

उलटा लागला की तो पूर्ण मुका राहत नाही, हीच पंचाईत. कलेक्टर एमिटरचं काम करायला लागतो, पण त्याचं डोपिंग हलकं, म्हणून गेन दोनशेवरून पाच-दहाच्या आसपास येतो. रिलेला करंट पुरत नाही. शिवाय खरं बेस-एमिटर जंक्शन रिव्हर्समध्ये फक्त ६-७ व्होल्ट सोसतं. आता त्यावर कॉइलमधून १२ व्होल्ट आले, ते फुटून करंट उलटा बेसमधून प्रोबवाल्याकडे वाहतो. म्हणजे बंद असायला हवं तेव्हा कॉइलला चार-पाच व्होल्ट मिळतच राहतात, आणि हाताने दाबून ओढवलेला रिले सुटत नाही. ही केस मला पहिल्यांदा आली तेव्हा दुपार गेली होती.

जुन्या बोर्डांवर एसएल१०० ची धातूची टोपी दिसेल. तिची बारीक जीभ एमिटर दाखवते, आणि टोपी आतून कलेक्टरला जोडलेली असते. डब्याच्या पत्र्याला टेकू देऊ नका.

इथे हात थांबवा

रिलेच्या कॉन्टॅक्टच्या पुढे जे काही आहे, स्टार्टर, कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड, मोटर, ते तीन फेजचं ४१५ व्होल्टचं काम आहे. मीटरसुद्धा लावू नका, परवाना असलेल्या वायरमनला बोलवा. टाकीच्या पाण्याला किंवा पाइपाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर मेन बंद, कोणालाही पाणी वापरू देऊ नका, आणि त्याच दिवशी अर्थिंग तपासून घ्या. ट्रान्सफॉर्मरला जळका वास, पिवळी पडलेली वायर, वितळलेली पट्टी: तेच. डायोड ठीक, पाय ठीक, सप्लाय ठीक, आणि तरी रिलेवाला दुसऱ्यांदा शॉर्ट झाला, तर त्रास बहुतेक कॉन्टॅक्टरच्या कॉइलकडून परत येणाऱ्या झटक्यांचा आहे; तिसरा पीस वाया घालवण्यापेक्षा वायरमनला तिथे स्नबर (झटके शोषून घेणारा पार्ट) लावायला सांगा.

आणि प्रोब तुटून खालच्या बंद टाकीत पडला म्हणून वॉचमनमामांना आत उतरवू नका. तिथे हवा खेळत नाही, माणूस चक्कर येऊन पडतो आणि काढायला गेलेलाही पडतो. टाकी साफ करणारी, साधनं घेऊन येणारी माणसं येईपर्यंत पंप मॅन्युअलवर चालवा आणि गच्चीवर कोणाला तरी उभं करा.